कशात असतो ते सांग : एका डीबी स्पेक्ट्रमच्या सुट्या भागांचा शोध

सदाशिव पेठेतला एक वाडा पुनर्विकासाला गेला आणि त्याच्या माळ्यावरून तांब्याचा बंब, पाट, गुंडाळलेले नकाशे यांच्या जोडीनं साडीच्या खोक्यात ठेवलेलं एक काळं, पसरट यंत्र खाली आलं. घरचे आजोबा निवृत्त गणित शिक्षक. अर्धी पेठ त्यांना सर म्हणते, म्हणून मीही सरच म्हणतो. नात्यानं मी त्यांच्या पुतण्याचा मित्र. १९८७ साली प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून त्यांनी हा डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक, घेतला होता आणि काही वर्षं वर्गाचा निकाल त्यावर लावला होता. खोकं माझ्या हातात देताना म्हणाले, "जमलं तर चालू कर. नाही जमलं तर भंगारात दे, पण दिलंस म्हणून मला सांगू नकोस."

ऑगस्टमध्ये यंत्र माझ्या टेबलावर आलं, चालू झालं दिवाळीनंतर. या तीन-साडेतीन महिन्यांत हातात सोल्डरिंग आयर्न होतं ते सगळं मिळून सहा-सात तास. बाकी वेळ शोधात गेला. म्हणून इथे लिहितोय ते दुरुस्तीबद्दल कमी आणि शोधाबद्दल जास्त.

यंत्र कोणतं

सिंक्लेअर रिसर्चचा झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडात एप्रिल १९८२मध्ये आला, रबरी बटणांचा. कडक बटणं, खाली उघडणारे पाय आणि डाव्या बाजूला रीसेटची कळ असलेली त्याची आवृत्ती म्हणजे ऑक्टोबर १९८४चा स्पेक्ट्रम प्लस. आत फारसं काही बदललं नव्हतं: तोच ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर, तीच ४८ के रॅम, तीच १६ के रॉम. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन तो आपल्याकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावानं विकला. सरांनी घेतला तेव्हा सिंक्लेअरनं तिकडे आपला संगणकाचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांत देऊनही टाकला होता, एप्रिल १९८६मध्ये. सरांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं. "म्हणजे मी अनाथ पोर घरी आणलं होतं," म्हणाले.

सुट्या भागांच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट एवढीच, की बोर्ड सिंक्लेअरच्याच आराखड्याचा आहे. आयसींचे, म्हणजे चिपांचे, क्रमांक तेच, दुखणीही तीच. इंग्लंडातल्या हौशी लोकांनी चाळीस वर्षांत जमवलेली दुरुस्तीची विद्या पुण्याच्या यंत्राला जशीच्या तशी लागू पडते.

आधी मोजमाप

माळ्यावरून आलेलं कुठलंही यंत्र थेट प्लगला लावायचं नाही, हा पहिला नियम. तो माझ्या आधीच मोडला गेला होता. मूळ अडॅप्टर कुठे आहे असं विचारल्यावर सरांचा नातू खाली बघायला लागला. त्यानं इंटरनेटच्या राउटरचा अडॅप्टर लावून पाहिला होता. पिन बरोब्बर बसली. "टक् असा आवाज आला दादा, मग काहीच नाही."

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि त्याच्या पिनेत आतला भाग ऋण, बाहेरचा धन असतो. आज घरात पडलेल्या जवळजवळ सगळ्या अडॅप्टरांमध्ये याच्या बरोबर उलट. पोरानं १२ व्होल्ट दिले होते, तेही उलटे. मी त्याला रागावलो नाही. उलट त्यानं खरं सांगितलं म्हणून माझे दोन दिवस वाचले. काय मेलं असेल याचा अंदाज इथेच बांधता आला.

यंत्र उघडलं. झुरळांची अंडी, एक वाळकी पाल, आणि मागच्या कडेच्या कनेक्टरवर हिरवट बुरशी. कीबोर्डचा वरचा भाग उचलताच मेंब्रेनचं, म्हणजे बटणांखालच्या तारा छापलेल्या प्लास्टिकच्या पापुद्र्याचं, शेपूट पापडासारखं मोडलं. हे होणारच होतं. त्या पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या इतक्या वर्षांत इतक्या ठिसूळ होतात, की सॉकेटातून बाहेर आल्या की पुन्हा आत जात नाहीत. तिकडचे लोक यंत्र उघडायच्या आधीच नवं मेंब्रेन मागवून ठेवतात. मी नव्हतं मागवलं.

९ व्होल्टचा एक स्विचिंग अडॅप्टर घेतला, त्याची वायर कापून धन-ऋण उलटे जोडले, मीटरनं दोनदा तपासलं आणि मग बोर्डला दिला. आता मोजायचं कुठे? खालच्या १६ केच्या रॅमवर. तिथे ४११६ जातीचे आठ आयसी एका रांगेत असतात आणि या जुन्या जातीला तीन वेगवेगळे दाब लागतात: पिन १ला उणे ५ व्होल्ट, पिन ८ला १२, पिन ९ला ५. एका आयसीवर सुई टेकवली की अख्ख्या बोर्डाच्या वीजपुरवठ्याची नाडी कळते.

५ व्होल्ट बरोबर होते. म्हणजे ते ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर वाचला होता. १२च्या जागी साडेआठ. उणे ५च्या जागी शून्य.

हे चित्र स्पेक्ट्रमवाल्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे. ९ व्होल्टांतून १२ आणि उणे ५ तयार करणारं एक छोटं सर्किट बोर्डवर असतं: एक कॉइल आणि तिला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारा टीआर ४ नावाचा ट्रान्झिस्टर. तो मेला की कॉइल नुसती तार होऊन बसते. १२च्या वाटेवर आत आलेला दाबच थोडा कमी होऊन दिसतो आणि उणे ५ नाहीसे होतात. ४११६च्या पोटातली रचना अशी, की उणे ५ नसताना वरून दाब मिळाला तर ती आतून तापते आणि मरते. म्हणजे टीआर ४ एकटा जात नाही. जाताना शेजाऱ्यांना घेऊन जातो.

तपकीर गल्ली

टीआर ४चा नंबर झेडटीएक्स ६५०. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि आसपास चार दुकानं फिरलो. तिघांनी मान हलवली. चौथ्या दुकानात गल्ल्यावर मुलगा होता आणि मागे स्टुलावर त्याचे वडील, सत्तरीचे. मी नंबर सांगितला. काका म्हणाले, "नंबर नको सांगू. कशात असतो ते सांग."

"जुन्या कॉम्प्युटरमध्ये, काका. बारा व्होल्ट बनवतो."

"मग एसएल १०० लाव की."

एसएल १०० म्हणजे आपल्याकडच्या रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीतला सर्वपित्री ट्रान्झिस्टर, पत्र्याची टोपी घातलेला. काका चुकत नव्हते. त्यांच्या जगात ट्रान्झिस्टर नंबरनं नाही, कामानं ओळखला जातो आणि त्या ज्ञानावर त्यांनी पन्नास वर्षं पुण्याचे टेपरेकॉर्डर चालवले. पण इथे २ अँपिअर झेपणारा, भराभर चालू-बंद होणारा आणि चालू असताना स्वतःवर फार कमी दाब पाडणारा ट्रान्झिस्टर हवा होता. तो जरा जरी कमी पडला तर पुन्हा रॅमवर बेतणार. मी मान ठेवायला एक एसएल १०० घेतला. अजून खणात आहे.

खरा ट्रान्झिस्टर मिळाला तो सुट्या भागांच्या एका मोठ्या ऑनलाइन पुरवठादाराकडे, आणि गंमत म्हणजे नवाकोरा. झेडटीएक्स ६५१ हा ६५०चाच थोडा दणकट भाऊ, ४५ऐवजी ६० व्होल्ट सोसणारा. पायांची मांडणी तीच. मूळ ट्रान्झिस्टर ज्या फेरांटी कंपनीचा, त्याच घराण्याचा धंदा पुढे झेटेक्स झाला आणि २००८मध्ये डायोड्स इन्कॉर्पोरेटेडकडे गेला. नावं बदलली, माल चालू राहिला. याउलट याच बोर्डवरचा सगळ्यात महत्त्वाचा आयसी, चित्र-आवाज-कीबोर्ड सगळं सांभाळणारी यूएलए, तीही फेरांटीचीच. ती फक्त सिंक्लेअरसाठी बनायची, त्यामुळे सिंक्लेअर गेल्यावर तिची वाटच बंद झाली. आता हौशी मंडळी आधुनिक प्रोग्रामेबल चिपवर तिची नक्कल करून विकतात. एकाच कारखान्याची दोन लेकरं. जे सगळ्यांच्या उपयोगाचं होतं ते जगलं.

कपॅसिटरबद्दल दोनच वाक्यं. मूळ बोर्डवर आडवे, दोन्ही टोकांना पाय असलेले कपॅसिटर आहेत. ते आता सहज मिळत नाहीत. मी केरळच्या केल्ट्रॉनचे उभे घेतले, पाय वाकवून बसवले, आणि धन-ऋण बघून बसवले की काम झालं. ज्यांना बोर्ड जसा होता तसाच दिसायला हवा असतो त्यांनी आडव्यांसाठी दुप्पट पैसे द्यावेत, माझी ना नाही.

चार ४११६

नवा टीआर ४ बसवल्यावर १२ आणि उणे ५ दोन्ही जागेवर आले. पडद्यावर मात्र उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. स्पेक्ट्रमचं चित्र खालच्या १६ केमध्येच साठवलेलं असतं, पत्ता १६३८४पासून ६९१२ बाइट; त्यामुळे ती रॅम बिघडली की बिघाड पडद्यावर उघडा पडतो. मिनिटभरानं आठही आयसींवर बोट फिरवलं. तिघांना हात लावता येईना. चौथा रोगी बोटाला कळला नाही. तो एका तपासणी कार्डानं दाखवला. हे कार्ड मागच्या कनेक्टरला लागतं, यंत्राची स्वतःची रॉम बाजूला सारून आपली चालवतं आणि रॅमची कुठली तार खोटं बोलते ते सांगतं. डोंबिवलीच्या एका संग्राहकानं ते उसनं दिलं. त्याच्याकडे पुन्हा येतो.

चार ४११६ हव्या होत्या. एका चकचकीत दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, "रॅम? डीडीआर तीन की चार?" चीनमधून दहाचं पाकीट मागवायचा मार्ग आहे, पण त्यात माझे पूर्वी हात पोळलेत. आलेल्या आयसीवर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला तर वरचा नंबर पुसला गेला आणि खाली दुसराच निघाला. घासून नवं नाव छापलेला माल. सगळे तसे नसतात, पण आपल्या पाकिटात कुठले आहेत ते बसवल्यावरच कळतं.

परत काकांकडे गेलो. या वेळी नंबर सांगितला नाही. म्हटलं, "आठ-आठच्या रांगेत बसते, तीन व्होल्टेज लागतात, साधारण ८०-८२ सालची."

त्यांनी डोळे मिटले. "तीन व्होल्टेज... ते व्हिडीओ गेमच्या बोर्डवर. पार्लरवाले आणायचे माझ्याकडे. नाणं टाकायच्या मशिनवाले." मग मुलाकडे बघून, "आपण सगळे विकले ना रे ते, किलोवर?" मुलगा हो म्हणाला.

हीच या शोधातली किल्ली होती. बाजार आयसीला नंबरनं लक्षात ठेवत नाही. तो ज्या यंत्रातून निघाला त्या यंत्राच्या नावानं ठेवतो. ४११६ त्या काळात सगळीकडे होती. अ‍ॅपल टूमध्ये होती, आयबीएमच्या पहिल्या पीसीत होती, नाण्यावरच्या गेममध्ये होती. पुण्यात अ‍ॅपल टू भंगारात सापडायची शक्यता किती? पण गेम पार्लर मात्र पेठेपेठेत होते. तेव्हापासून मी ४११६ शोधणं बंद केलं आणि गेमचे बोर्ड शोधायला लागलो.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिसऱ्या रविवारी, नळाच्या तोट्या आणि एकेकटे बूट यांच्या मधल्या एका ताडपत्रीवर तसा बोर्ड दिसला. आठशे सांगितले, तीनशेला दिला. त्यावर ४११६ आठ होत्या. एवढं लिहून थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण बोर्ड पावसात भिजलेला होता आणि गंजलेले पाय काढताना तुटले: चार चिपा अशा गेल्या. यातल्या निदान दोन माझ्या घाईनं गेल्या. गरम हवेची गन लावून ओढायच्याऐवजी प्रत्येक पायावर ताजं सोल्डर आणि फ्लक्स घालून पंपानं एकेक मोकळा करायला हवा होता. उरलेल्या चार तपासल्या. ४११६ तपासायला तीन दाब लागतात म्हणून साधा आयसी टेस्टर चालत नाही. आर्डुइनो नॅनो या हौशी लोकांच्या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डवर बनवलेली एक जुळणी आहे, तीच मी ब्रेडबोर्डवर उभी केली. चारांपैकी दोन चांगल्या निघाल्या.

म्हणजे अजून दोन.

इथे कुणी म्हणेल, ४११६ऐवजी पुढच्या पिढीची ४१६४ का नाही बसवत? ती भरपूर मिळते आणि तिला एकटे ५ व्होल्टच पुरतात. पायही सोळाच. पण तिचा पिन ८ म्हणजे ५ व्होल्टचा पाय, आणि ४११६च्या सॉकेटात तिथे १२ येतात. तशीच खोचली तर पहिल्या क्षणाला जाते. बोर्डवरचे धागे तोडून ते जमवता येतं, आणि आठही ४११६ काढून त्या जागी बसणारे तयार मॉड्यूलही लोक विकतात. चांगले असतात, कमी तापतात. मी घेतलं नाही. सहा चिपा चांगल्या असताना आठही काढून टाकणं जिवावर आलं, एवढंच कारण.

डोंबिवलीच्या पुलावर

त्या संग्राहकाकडे रबरी बटणांच्या स्पेक्ट्रमचा एक सुटा बोर्ड होता. केस नाही, कीबोर्ड नाही. "चालत नाही, पार्ट्ससाठी घे," म्हणाला. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत आम्ही भेटलो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला बोर्ड मी घेतला आणि त्याचं तपासणी कार्ड परत केलं. ही माझी चूक. ते कार्ड खालच्या रॅममध्ये खोट दिसली की तिथेच थांबतं. वरच्या ३२ केपर्यंत ते पोचलंच नव्हतं. पंधरा दिवस आणखी ठेवून घ्यायला हवं होतं.

घरी येऊन त्या बोर्डातून दोन ४११६ काढल्या. या वेळी पंप, फ्लक्स, एकेक पाय. दोन्ही टेस्टरवर पास. सरांच्या बोर्डवर चार सॉकेट बसवली आणि त्यात चारही चिपा. पट्ट्या गेल्या, पडदा पांढरा झाला आणि खाली ती ओळ आली: १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड.

चित्रासाठी मात्र काहीच शोधावं लागलं नाही. मूळ चित्र अ‍ॅस्टेकच्या पत्र्याच्या डबीतून यूएचएफच्या ३६व्या वाहिनीवर निघतं; डबीत जाणारा कॉम्पोझिट सिग्नल आधीच पकडून त्याच भोकातून बाहेर काढला की आजच्या टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला थेट लागतो. वायरीचा एक तुकडा पुरतो. डबी जागेवरच ठेवायची, म्हणजे कधी वाटलं तर उलटही करता येतं.

शेपूट

कीबोर्ड अजून मुका होता. मोडलेलं शेपूट चार-पाच मिलिमीटर कापून पुन्हा खोचायची युक्ती करून पाहिली. मेंब्रेनला दोन शेपट्या असतात, एक पाच पट्ट्यांची, एक आठ पट्ट्यांची. पाचाची बसली. आठाची दुसऱ्या जागी मोडली. तिथे तो विषय संपला.

मेंब्रेनचा प्रकार आयसीपेक्षा वेगळा. ते दुसऱ्या कुठल्याही यंत्रात नव्हतं, म्हणून त्याला बाजारात नाव नाही; काकांच्या "कशात असतो" या प्रश्नाला इथे उत्तर एकच, यातच. रबरी बटणांच्या स्पेक्ट्रमचं मेंब्रेन ४० बटणांचं, प्लसचं ५८ बटणांचं आणि जास्त थरांचं, त्यामुळे ते एकमेकांना चालत नाही. जुनं न वापरलेलं सापडलं तरी उपयोग नाही, कारण प्लास्टिक खोक्यात बसल्या जागीही ठिसूळ होतं. नशिबानं स्पेक्ट्रमवर जीव असणारे लोक इंग्लंडात इतके आहेत की नवी मेंब्रेन छापून विकायचा धंदा तिकडे चालतो. मी एक मागवलं. पोस्टेज आणि कस्टम धरून तीन हजारांच्या थोडं वर गेलं, साऱ्या दुरुस्तीतला सगळ्यात मोठा खर्च. चार आठवडे लागले. त्यातले दहा दिवस पाकीट मुंबईत कस्टमकडे पडून होतं, आणि मी रोज ट्रॅकिंग उघडून त्याच ओळीकडे बघत होतो.

नवं मेंब्रेन बसलं आणि मी पहिल्यांदा काहीतरी टाइप केलं. स्पेक्ट्रमला स्वतःची रॅम किती आहे ते विचारता येतं (पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाच): प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३. ४८ केचं यंत्र ६५५३५ म्हणतं.

हे म्हणालं, ३२७६७.

म्हणजे वरची रॅमही आजारी, आणि यंत्र स्वतःला १६ केचं समजून मुकाट्यानं चाललं होतं. पण आता कीबोर्ड होता, त्यामुळे तपासणी कार्डाची गरज उरली नाही. पोक ४००००, ० (म्हणजे त्या पत्त्यावर शून्य लिही) आणि मग तोच पत्ता वाचायचा. उत्तर आलं ८. आठ जास्त. दोनाचा तिसरा घात. डेटाची चौथी तार कायम एकावर. वरच्या रांगेतला चौथा आयसी, आयसी १८. यंत्रानं स्वतःच्याच दुखण्यावर बोट ठेवलं. सर इतका वेळ शेजारी बसून बघत होते. त्यांना या सबंध प्रकरणात आवडलेली गोष्ट ही एकच. "बघ, द्विमान पद्धत. मुलं विचारायची, सर याचा उपयोग काय."

डागी माल

वरच्या ३२ केची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिंक्लेअरला स्वस्त यंत्र विकायचं होतं. त्या काळी ६४ केच्या रॅम चिपा नव्या होत्या आणि कारखान्यात बऱ्याच सदोष निघायच्या. काहींचा एक अर्धा भाग बिघडलेला, दुसरा धडधाकट. अशा चिपा ४५३२ वगैरे नंबरांनी ३२ केच्या म्हणून स्वस्तात विकल्या जात. सिंक्लेअरनं त्याच घेतल्या. डागी आंबे घ्यायचे, डाग कापून टाकायचा आणि चांगल्या भागाचा रस काढायचा, तसला हिशोब. फक्त एका बोर्डवरच्या आठही आंब्यांचा डाग एकाच बाजूला हवा. बोर्डवर एक लहानशी तार असते, ती कुठे जोडलीय त्यावरून कळतं की या यंत्रात वरचा अर्धा वापरलाय की खालचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपांवर शेवटी ३ किंवा ४ असा आकडा असायचा, तो याच बाजूचा.

आज ४५३२ शोधणं म्हणजे अमक्याच बाजूला डाग असलेला चाळीस वर्षांपूर्वीचा आंबा शोधणं. पण तो शोधावाच लागत नाही. अख्खी चांगली ४१६४ तिथे सरळ बसते. तिचे दोन्ही अर्धे चांगले, मग तार कुठेही असो.

आणि ४१६४ कशात असते? पीसी एक्सटीच्या बोर्डवर. हे उत्तर मात्र मला आधीच माहीत होतं. १९८०च्या दशकाअखेरीस बँका, कारखाने, क्लासेस सगळीकडे एक्सटी होते. ई-कचरा घेणाऱ्या एका गोदामात जाऊन "जुना एक्सटीचा मदरबोर्ड" म्हटलं. "ते सोनं काढायला जातात," म्हणाले, पण एक दिला, वजनावर. त्यावर ४१६४ नऊ-नऊच्या रांगेत होत्या, कारण आयबीएम प्रत्येक आठ बिटांमागे एक नववा बिट चूक पकडायला ठेवायचा. शिवाय सगळ्या सॉकेटात, नुसत्या उचलायच्या. १५ आणि २० असे शेवटचे आकडे होते, म्हणजे १५० आणि २०० नॅनोसेकंद. स्पेक्ट्रमला दोन्ही चालतात. एक बसवली.

६५५३५.

उरलेल्या चिपा कागदावर नाव घालून डबीत ठेवल्या. त्याच भरात एक झेड-८०ही घेऊन ठेवला, लागत नसताना. १९७६पासून बनत असलेला हा आयसी झायलॉगनं २०२४मध्ये बंद करायचं जाहीर केलं, जूनपर्यंत शेवटच्या मागण्या घेतल्या. आतापर्यंत जो भाग पुरवठादाराच्या यादीत नवा मिळत होता, तोही आता दुसऱ्या यंत्रांतून शोधायच्या भागांत जमा झाला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "झेड-८० माझ्याकडे पडलेत की." पंधरा निघाले. ज्या दुकानात झेडटीएक्स माहीत नव्हता तिथे झेड-८०ची नळी भरलेली. विचारलंच नव्हतं ना.

सध्याची स्थिती

यंत्र सरांच्या नव्या भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर आहे. उलटी पिन असलेल्या अडॅप्टरवर लाल चिकटपट्टी गुंडाळून मी त्यावर "फक्त हाच" असं लिहिलंय, नातवासाठी. सरांनी पहिल्या दिवशी पाढे छापणारा प्रोग्रॅम न बघता टाइप केला आणि एका बटणाचा दाब कमी लागतो अशी तक्रार केली. ती खरी आहे. नवं मेंब्रेन अजून बसायचंय. निकालाचा प्रोग्रॅम साठवलेली कॅसेट मात्र चढली नाही. फितीवर बुरशी आहे, दर वेळी आर टेप लोडिंग एरर. फीत दुसऱ्या डब्यात घालून, पुसून पुन्हा बघणार आहे. होईलच असं सांगत नाही.

राहिला डोंबिवलीचा बोर्ड. परवा सहज त्याची यूएलए, रॉम आणि झेड-८० सरांच्या यंत्रात आलटूनपालटून लावून पाहिले. तिन्ही उत्तम. मग त्याचा वीजपुरवठा तपासला, तर पॉवर सॉकेटच्या एका पायाचं सोल्डर तडकलेलं. टाका मारला. ५, १२, उणे ५, तिन्ही दाब जागेवर आले. मेलेला म्हणून घेतलेला तो बोर्ड मेलेला नव्हताच. त्यात कमी आहे ते एवढंच, की खालच्या रांगेत दोन जागा रिकाम्या आहेत, मी रिकाम्या केलेल्या. काकांना फोन करून विचारलं, गेमचा बोर्ड आणखी कुणाकडे असेल का. म्हणाले, साताऱ्याला एक पार्लरवाला होता, त्याच्या मुलाचा नंबर बघतो.